अर्धीच चहाडी करणारी हळद

पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं की आईला कळायच्या आत आपण बेसिनकडे पळतो आणि डागावर साबण घासतो. मग बसते पाचावर धारण! पिवळा डाग बघता बघता चक्क लाल. घाबरू नका, भरपूर पाण्यात खळबळून काढा. डाग पुन्हा पिवळा होईल. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवा, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

ही करामत हळदीतल्या कर्क्युमिनची. साबण असतो अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा. तो भेटला की कर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजनचे आयन निघून जातात, रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो प्रकाशातले वेगळेच रंग शोषू लागतो. आपल्याला दिसतो लाल. साबण धुऊन निघाला की आयन परत येतात, रंगही परततो.

आम्ल-अल्क मोजायची पीएच मोजपट्टी १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेनसन यांनी मांडली. शुद्ध पाणी ७ वर. त्याखाली आम्लं, वर अल्कं. हळद रंग पालटते साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. इथेच खरी गंमत आहे.

टीपकागदाला ओली हळद फासून वाळवा. काडी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर नाव लिहा. लाल अक्षरं उमटतील. त्यावर लिंबू पिळा, अक्षरं गायब! आता कोऱ्या पिवळ्या जागेवर लिंबाचा थेंब टाका. काही नाही. शेजारी साध्या पाण्याचा थेंब टाका. तरी काही नाही. लिंबू काय नि पाणी काय, हळदीला दोन्ही सारखेच! ती अल्काची चहाडी करते, आम्लाबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही.

आम्ल पकडायचं तर जास्वंदीला विचारा. पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी लिंबानं गडद गुलाबी होतं, साबणानं हिरवट.

आणि हो, हळदीत चुना मिसळून कुंकू करायची पद्धतही जुनीच. आजीला विचारून चिमूटभर कुंकवावर लिंबाचा थेंब टाका. पिवळं पडलं, तर ते हळद-चुन्याचं असणार. नाही पडलं, तर लाली दुसऱ्याच कशाची तरी असू शकते. चुना मात्र स्वतः हाताळू नका, डोळ्यात गेला तर फार वाईट.