कासव हलत नाही म्हणजे मेलं असं नाही

परवा जेटीवर जाळी सांधताना विषय निघाला. जाळ्यात आलेलं कासव हलेना, म्हणून मेलं समजून समुद्रात टाकलं. आम्हीही पूर्वी हेच केलंय. पण कासवाला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की ते बेशुद्ध पडतं. तसंच टाकलं तर बुडून मरतं.

पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, आतलं पाणी निघतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकावर नको. शुद्धीवर यायला काही तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. मग इंजिन न्यूट्रलला घेऊन, जाळ्यापासून लांब, हळूच सोडा.

मोरजी, आगोंद, गालजीबागला अंडी घालायला येतात ती हीच. तांडेलांनो, खलाशांना सांगून ठेवा.