नवी क्लच प्लेट बसवली, तरी गिअर पडेना!

गाळप हंगामात ट्रॅक्टर बंद पडला तर माणूस समजू शकतो. लोखंड आहे, झिजणारच. पण हजारो रुपये मोजून, ट्रॅक्टर मधोमध फोडून, नवी क्लच प्लेट बसवून आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरच पडेना, म्हणजे काय म्हणावे? शेतकी खात्याच्या मंडळींबरोबर गटागटांतून फिरताना ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली, की या अंकात तिच्यावर लिहायचेच असे ठरवले.

गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या एका सभासदाच्या ट्रॅक्टरचा क्लच घसरू लागला. भरल्या ट्रॉल्या चढाला लागल्या की इंजिन नुसते ओरडायचे, गाडी पुढे सरकायची नाही. रातोरात तालुक्याच्या गावी गॅरेजात प्लेट बदलली. सकाळी इंजिन चालू करून पेडल दाबले, तर गिअर घालताना घर्र् आवाज. रिव्हर्स तर पडेचना. मिस्त्री म्हणाला, “नवी हाय मालक, चार फेऱ्या झाल्या की बसंल.” टोळी फडात बसून होती, ऊस तुटून पडलेला. मग ड्रायव्हरने युक्ती काढली. इंजिन बंद करून दुसरा गिअर घालायचा आणि गिअरमध्येच स्टार्टर मारायचा. दोन फेऱ्या अशाच झाल्या. तिसऱ्या फेरीला केनयार्डात, रांगेत पुढे सरकायचे म्हणून त्याने स्टार्टर मारला आणि ट्रॅक्टरने उडी घेतली. मागच्या ट्रॉलीची पिन बघायला एक पोरगा दोन ट्रॉल्यांच्या मधे शिरला होता. त्याची चप्पल चाकाखाली गेली, पाय वाचला.

आता कुणी म्हणेल, पेडल दाबल्याशिवाय स्टार्टरच लागत नाही अशी सोय हल्लीच्या बऱ्याच ट्रॅक्टरना असते. असते खरी. (कित्येकांनी तिच्या वायरी जोडून ती निकामीही केलेली असते, तो भाग वेगळा.) पण पेडल पूर्ण दाबूनही आत क्लच सुटतच नसेल, तर ती सोय काय करणार? ट्रॅक्टर उडी मारणारच.

आत काय असते ते थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, त्याला लागून क्लच प्लेट आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांत बसलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकून फिंगर दाबते, प्रेशर प्लेट मागे हटते आणि मधली प्लेट मोकळी होते. ही मोकळीक किती? एखाद-दोन मिलिमीटर, बस्स! तेवढ्यात कुठे काही अडले की प्लेट फ्लायव्हीलबरोबर फिरत राहते, शाफ्ट थांबत नाही आणि गिअर ओरडतो. क्लच घसरणे वेगळे आणि क्लच न सुटणे वेगळे. पहिल्यात प्लेट नीट धरत नाही, दुसऱ्यात सोडत नाही.

म्हणून आधी खात्री करावी. ट्रॉली सोडून, सपाट मोकळ्या जागी, पुढेमागे कुणी उभे नसताना इंजिन बंद ठेवून सगळे गिअर घालून पाहावेत. बंद इंजिनावर गिअर सुरळीत पडतात, आणि चालू इंजिनावर पेडल तळापर्यंत दाबून दहा सेकंद थांबले तरी रिव्हर्स ओरडतो, असे असेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. क्लच सुटत नाही.

यात निम्म्या वेळा ट्रॅक्टर पुन्हा फोडायची गरजच नसते, हे आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. जुनी प्लेट झिजत जाते तसे फिंगर बेअरिंगच्या जवळ येतात आणि पेडलचा खेळ कमी होतो. म्हणून आपण दरवर्षी रॉडचे नट फिरवून खेळ वाढवत आलेलो असतो. आता नवी जाड प्लेट बसली, फिंगर पुन्हा आपल्या मूळ जागी गेले, रॉड मात्र जुन्या मापावरच राहिला. झाले! पेडलची अर्धी चाल बेअरिंग फिंगरपर्यंत पोचण्यातच संपते. रॉड नव्याने लावून पुस्तकात दिलेला खेळ ठेवला की काम होते. मात्र खेळ अजिबात शून्य करू नये. आमच्या त्या सभासदाच्या ड्रायव्हरने तेच केले. गिअर थोडा बरा पडू लागला, पण बेअरिंग दिवसभर फिंगरला टेकून फिरले आणि संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजवू लागले. एकाचे दोन खर्च झाले.

रॉड लावताना पिनाही बघाव्यात. पिना आणि त्यांची भोके झिजून लांबट झाली असली, की पाय खाली जातो पण बाहेरचा लिव्हर पुरता हलत नाही. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने लिव्हर बघावा. लिव्हर पूर्ण चालतो आणि तरीही क्लच सुटत नाही, तेव्हाच आतला फोर्क, फिंगर नि प्लेट यांच्यावर संशय घ्यावा.

ज्यांच्या दारात जीप किंवा मोटार आहे त्यांच्यासाठी एवढेच, की तेलावर चालणारा क्लच असेल तर पाइपात हवा राहिली आहे का ते आधी बघा. पेडल चार-पाच वेळा भराभर मारल्यावर गिअर पडत असेल तर बहुधा हवाच. ती काढून ब्रेकचे तेलच भरावे. घरात आहे म्हणून इंजिन ऑइल ओतले की सिलिंडरमधले रबर फुगलेच म्हणून समजा.

आणि आत काय काय चुकू शकते? प्रेशर प्लेटचे तिन्ही फिंगर एका उंचीवर न लावणे, हे ट्रॅक्टरच्या बाबतीत नेहमीचे. ते गेजने लावायचे असतात, नजरेने नव्हे. पायलट बेअरिंग छोटे, स्वस्त, म्हणून बदलायचे राहून जाते. ते जाम झाले तर फ्लायव्हील शाफ्टला आपल्याबरोबर ओढत नेते. फ्लायव्हील लेथवर घासून पातळ केले तर सगळा संच इंजिनाकडे सरकतो आणि बेअरिंगची चाल अपुरी पडते. जोडताना गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लटकले तर प्लेट वाकते, मग कितीही नट फिरवा. शाफ्टच्या खाचा गंजलेल्या असतील तर प्लेट त्यावर सरकत नाही. तिथे ग्रीस अगदी बोटभर लावायचे असते, थापायचे नसते, नाहीतर ते उडून प्लेटवर जाते.

आमच्या सभासदाच्या ट्रॅक्टरला यातले काहीच नव्हते. मिस्त्रीने “प्लेटच डुप्लिकेट आली” असे सांगितले आणि बिचाऱ्याने दुसरी नवी प्लेट विकत घेतली. दोन ट्रॉल्या ऊस उन्हात उभा. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे आपण नेहमी म्हणतो. उशीर झाला की काट्यावर वजन घटते आणि उताराही घटतो, म्हणजे मालकाचेही नुकसान आणि कारखान्याचेही. शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर जोडून ट्रॉल्या गव्हाणीपर्यंत नेल्या.

दुसऱ्यांदा फोडायच्या आधी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावले होते. त्याने बाकी काही न विचारता एवढेच विचारले, “बसवताना बाजू बघितली व्हती का?” कुणीच उत्तर दिले नाही. फोडून पाहिले तर प्लेटच्या मधल्या फुगीर भागावर चकचकीत कडे उमटलेले. प्लेट उलटी बसवली होती! बहुतेक गाड्यांत ही फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे असते आणि प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती ते छापलेलेही असते. उलटी बसली की तो फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि प्लेट मोकळी होऊच शकत नाही. रात्रीच्या घाईत, बॅटरीच्या उजेडात, ती खूण कुणी वाचलीच नव्हती.

प्लेट वाकलेली नव्हती. तीच पालटून बसवली, बेअरिंग नवे घातले, रॉड मापात लावला. त्याच दुपारी ट्रॅक्टर फडात गेला. दुकानदाराने दुसरी प्लेट काही परत घेतली नाही. ती कागदात गुंडाळून सभासदाच्या गोठ्यात खुंटीला टांगलेली आहे. ‘फ्लायव्हीलची बाजू’ असे त्याने तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे.