स्कूलबसमधला पट्टा: कसा, कुणाला आणि आधी कुठे

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. यवतमाळ जिल्ह्यात तोवर पेरण्यांची धांदल सुरू झालेली असते आणि दोन-चार दमदार पावसांनी काळी माती फुगून मऊ पडलेली असते. राळेगाव, बाभूळगाव, मारेगावकडच्या एखाद्या एकपदरी रस्त्याच्या कडेला पाहा. डांबर संपतं तिथून साइडपट्टी वीतभर खाली गेलेली दिसते. समोरून ट्रॅक्टर आला की शाळेच्या बसची डावी चाकं त्या पट्टीवर उतरतात. उन्हाळ्यात ती पुन्हा वर चढतात. पावसाळ्यात चाक रुततं, गाडी कलते आणि वेग फारसा नसतानाही नालीत आडवी होते. मुलांच्या बसला सीट बेल्ट हवेत का, हा प्रश्न आपल्याकडे या साइडपट्टीपासून विचारायला हवा. बेल्टचा उपयोग अपघात कोणत्या तऱ्हेचा आहे यावर ठरतो, आणि आपले अपघात बरेचदा या तऱ्हेचे असतात.

आधी साधा हिशेब पाहू. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. बस झाडावर आदळून थांबली तरी आतलं मूल थांबत नाही, ते त्याच वेगाने पुढे जात राहतं. 20 फूट उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, पडल्यावर जमिनीला टेकताना जेवढा वेग असतो तेवढाच हा वेग आहे. पहिलीतल्या 20 किलोच्या मुलाला सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायचं तर सव्वादोनशे किलोच्या आसपास जोर लागतो. शेजारी बसलेल्या मोठ्या बहिणीने कितीही घट्ट धरलं तरी हा जोर तिच्या हातांत येणार नाही. तो कुठून तरी येतोच: समोरच्या सीटच्या दांड्यातून, खिडकीच्या गजातून किंवा पट्ट्यातून. पट्टा तो जोर कमरेची हाडं, छातीचा पिंजरा आणि खांदा यांवर वाटून देतो, आणि स्वतः किंचित ताणला जाऊन थांबण्याचा वेळ थोडा वाढवतो. त्याचं काम एवढंच. पण जीव वाचतो तो एवढ्यावरच.

गाडीत बसल्यावर पट्टा हळू ओढून पाहा, तो सुळकन येतो. एकदम हिसका द्या, जागच्या जागी अडकतो. ज्या डबीत पट्टा गुंडाळलेला असतो तिच्यात एक दातेरी चाक आणि एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडी जोरात थांबली किंवा कलली की गोळी सरकते, खिटी वर उचलली जाते आणि चाकाच्या दातात रुतते. पट्टा झटक्याने ओढला गेला तरी चाक अडकतं, म्हणूनच हाताने दिलेल्या हिसक्यालाही तो थांबतो. मुलाला खिडकीतून बाहेर पाहायला, दप्तर घ्यायला वाकता येतं आणि ऐन वेळी तो धरून ठेवतो. कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा हा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये मोटारीसाठी तयार केला.

मग मोठ्या बसमध्ये तो इतकी वर्षं का नव्हता? अमेरिकेने 1977 मध्ये स्कूलबससाठी वेगळा मार्ग धरला. सीट जवळजवळ ठेवायच्या, पाठी उंच करायच्या आणि पुढून-मागून जाड गादी लावायची. कुंभार गाडीत मडकी रचताना मधे तणस भरतो, तसं मूल दोन गाद्यांच्या मधल्या जागेत राहतं आणि समोरून धडक बसली तरी त्या गादीवर आपटून थांबतं. बस मुळातच जड आणि उंच. मोटारीशी टक्कर झाली तर तिचा स्वतःचा वेग फारसा बदलत नाही. त्यामुळे मोठ्या बसला पट्ट्यांची सक्ती झाली नाही. 4,536 किलोपर्यंतच्या छोट्या स्कूलबसला मात्र झाली. मला या कथेतला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो: ज्या देशाने पट्ट्याशिवायची बस विचारपूर्वक बनवली, त्यानेही छोट्या गाडीला ती सूट दिली नाही.

आता आपल्या बसमध्ये चढून पाहू. पुष्कळ बसमध्ये सीटची पाठ मुलाच्या खांद्यापर्यंत येते. तिच्या वरच्या कडेला धरायला लोखंडी पाइपाचा दांडा असतो, आणि तो नेमका दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या दात, नाक, कपाळ या उंचीवर येतो. पाठीमागचा भाग पातळ रेक्झिनचा किंवा उघड्या पत्र्याचा. गादीच नसेल तर गाद्यांच्या आधाराने बेल्ट वगळण्याचा अमेरिकी युक्तिवाद इथे लागू होत नाही.

शिवाय तिथेही तो युक्तिवाद उलटणाऱ्या बसपाशी अडला. बस कलली की पुढची-मागची गादी उपयोगी पडत नाही. मूल वर, बाजूला, शेजारच्या मुलावर, खिडकीबाहेर फेकलं जातं. नोव्हेंबर 2016 मध्ये टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा इथे भरधाव बस वळणावर रस्ता सोडून उलटली आणि सहा मुलं गेली. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2018 मध्ये मोठ्या बसलाही तीन टोकांचे पट्टे बसवण्याची शिफारस केली. आपल्याला इतक्या लांब जायलाही नको. नोव्हेंबर 2024 मध्ये नागपूर जिल्ह्यात हिंगण्याच्या बाजूला सहलीला निघालेली शाळेची बस वळणावर उलटली आणि एका विद्यार्थिनीचा जीव गेला.

म्हणजे बेल्ट हवाच. पण कोणताही पट्टा चालत नाही. बाजारातून नुसता कमरेचा पट्टा आणून जुन्या बाकाला बोल्टने आवळायचा, हा स्वस्त उपाय मला सर्वांत जास्त भीतिदायक वाटतो. कमरेचा पट्टा कंबर धरतो आणि वरचं शरीर मोकळं सोडतो. मूल कमरेत दुमडतं, डोकं समोरच्या दांड्यावर जातं. मोठ्या माणसाचा पट्टा कमरेच्या पुढच्या हाडावर अडून राहतो. लहान मुलांमध्ये हे हाड पुरतं उठून आलेलं नसतं, म्हणून पट्टा घसरून पोटावर चढतो आणि आतडी, मणका यांना मार लागतो. अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2002 मध्ये आपल्या संसदेला दिलेल्या अहवालात हाच इशारा होता: नुसत्या कमरेच्या पट्ट्याने लहान मुलांच्या मानेला आणि पोटाला धोका वाढू शकतो. 2015 मध्ये त्याच प्रशासनाच्या प्रमुखांनी प्रत्येक मुलाला बेल्ट हवा असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा त्यांनी तीन टोकांचाच पट्टा म्हटला होता.

तीन टोकांचा पट्टाही मुलाच्या मापाला बसला पाहिजे. खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्यावर टेकलेला हवा. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर यायला हवा. केजीतल्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तर तो गळ्याशी येतो, मग ते पोर तो काखेखाली सरकवतं आणि खांद्याचा आधार संपतो. म्हणून सीटवरच खांद्याची उंची कमी-जास्त करता येईल अशी सोय लागते, किंवा लहानांसाठी उंचवटा देणारी बूस्टर सीट. आणि पट्ट्याचा सगळा ताण शेवटी सीटच्या पायांवर व बसच्या फरशीवर येतो. गंजलेल्या पत्र्यात रोवलेला बोल्ट तो ताण सोसणार नाही. सीट उखडली तर पट्ट्यासकट मूल पुढे जाईल. म्हणून पट्ट्यांसह चाचणी झालेल्या सीटच हव्यात.

मला बेल्टचा सर्वांत मोठा फायदा मात्र वेगळा वाटतो. एक पट्टा एकाच मुलाला लागतो. आपल्या शालेय वाहतुकीच्या नियमांत बारा वर्षांखालची मुलं आसनक्षमतेच्या दीडपट बसवण्याची मुभा बराच काळ चालत आली आहे. दोघांच्या बाकावर तिघं ही त्याचीच रीत, आणि दिवाळीनंतर फेरी वाचवायची म्हणून तिघांची चौघं होतात. बेल्टच्या सीटवर दोन पट्टे असतील तर तिसरं मूल कुठे, हे दारातून पाहणाऱ्या आई-वडिलांनाही दिसतं. गर्दीचा वाद संख्येच्या कागदावरून उठून थेट सीटवर येतो. बसमालकाचा बेल्टला खरा विरोधही इथेच असतो, आणि तो समजून घ्यायला हवा: मुलं कमी बसली तर महिन्याचं भाडं वाढणार. ते वाढेल. आईबापांनी ते आधीच मनात धरावं, आणि शाळेनेही ते मोकळेपणाने सांगावं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचं वेगळं आसन न लावता गाडी चालवली तर हजार रुपये दंड. उभ्याने प्रवासी नेणाऱ्या व इतर काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार याच कलमात राज्यांना आहे. महाराष्ट्राचे स्कूलबसचे नियम 2011 चे आहेत. त्यांत पिवळा रंग, वेगनियंत्रक, संकटकाळी बाहेर पडायचं दार, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मुलींच्या बसमध्ये महिला सहायक असा भर आहे. 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाल्यावर मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा देशभर झाली. ती मोटारींपुरती राहिली, मुलांच्या बसपर्यंत आली नाही याचं वाईट वाटतं.

पालक सभेत दोन शंका हमखास येतात, आणि दोन्ही खऱ्या भीतीतून येतात. पहिली आगीची. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण जळून गेले. बस दाराच्या बाजूला पडली होती. वाचले ते काच फोडून बाहेर आले. अमेरिकेत केंटकीतल्या कॅरल्टन इथे 1988 मध्ये शाळेच्या जुन्या बसने असाच पेट घेतला. 27 जण धडकेने गेले नाहीत, धुराने आणि आगीने गेले, कारण बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या होत्या. दोन्हीकडे धडा दारा-खिडक्यांचा आहे. शुद्धीवर असलेलं मूल लाल बटण दाबून क्षणात मोकळं होतं. डोकं आपटून बेशुद्ध झालेलं मूल पट्टा नसूनही बाहेर येत नाही. त्यासाठी बटण दाबण्याचा सराव हवा, संकटकाळचं दार खरोखर उघडतं का हे पाहायला हवं आणि सहायकाच्या हाताशी पट्टा कापायची सुरी हवी.

दुसरी शंका पाण्याची. 1997 मध्ये दिल्लीत वजिराबादला शाळेची बस यमुनेत पडून 28 मुलं गेली, आणि त्यानंतरच सर्वोच्च न्यायालयाने स्कूलबसवर निर्बंध घातले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सप्टेंबर 2021 मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात नांदेड-नागपूर मार्गावरची एसटी वाहून गेली. पाण्यात पट्टा अडचणीचा ठरू शकतो, हे मान्य करायला हवं. पण पुलावरून पाणी वाहत असताना बस त्यात घालायचीच नाही, हा त्यावरचा एकमेव उपाय आहे. पट्टा काढून पुराशी सामना होत नाही.

बेल्टचं काम रोजच्या रोज होतं का, हेही पाहायला हवं. पट्टे पाठीमागे कोंबलेले, बक्कलमध्ये बिस्किटाचा चुरा, हे मोटारीतही दिसतं. चाळीस मुलांचे पट्टे ड्रायव्हर काका लावू शकत नाहीत. मोठी मुलं आपले लावतील, लहानांचे बसमधल्या सहायक मावशींनी लावायचे आणि सगळे लागल्याचं सांगितल्यावरच बस हलायची. प्रत्येक थांब्यावर यात वेळ जातो, म्हणून सकाळची वेळ थोडी अलीकडे घ्यावी लागेल. मावशी आणखी एका कारणाने हव्यात: उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडणारं मूल ड्रायव्हरला उंच काचेतून दिसत नाही, आणि त्या अपघातावर कोणताच बेल्ट उपाय नाही.

पैसा एकदम येणार नाही, म्हणून क्रम ठरवावा लागेल, आणि माझ्या मते तो मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनपासून सुरू होतो. वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात. जेमतेम टनभराची व्हॅन त्यांच्यापुढे काहीच नाही. टक्कर झाली तर सगळा झटका हलक्या गाडीला बसतो. मोठ्या बसचा जडपणा तिला नाही, गाद्यांची जागा नाही. वर, मुलं जास्त मावावीत म्हणून मूळ सीट काढून ड्रायव्हरच्या पाठीमागे लाकडी फळी टाकलेली असते आणि तिच्यावर उलट्या तोंडाने पाच पोरं. कारखान्यातून येताना त्या सीटला पट्टे होते. सीट गेली तसे तेही गेले. इथे नवं काही शोधायचं नाही. मूळ सीट परत बसवायची, जेवढे पट्टे तेवढीच मुलं घ्यायची. त्यानंतर नव्याने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक बसला तीन टोकांच्या पट्ट्यांच्या, चाचणी झालेल्या सीट. जुन्या मोठ्या बसमध्ये पट्टे ठोकण्याच्या आधी दांड्यांना जाड गादी लावा आणि मुलांची संख्या सीटइतकी करा.

2011 च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि पालकांचा प्रतिनिधी तिचा सदस्य असतो. तुमच्या शाळेतला तो प्रतिनिधी कोण, हे या आठवड्यात विचारा, आणि पुढच्या बैठकीत व्हॅनच्या सीटचा ठराव मांडायला त्याला सांगा.