छायाचित्रांतून वृक्षदर्शन

कॅमेऱ्याच्या यंत्रांतून खरी चित्रकला उद्भवत नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. त्यांनीं डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकारांचें ‘पेअरब्लॉसम हायवे’ अवश्य पाहावें, असें आम्हांस वाटतें. एप्रिल १९८६ मध्यें हॉकनींनीं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील एका रस्त्याचीं शेंकडों छायाचित्रें घेतलीं. रस्त्याकडेची पाटी अगदीं समोरून टिपतां यावी म्हणून ते शिडीवरही चढले. पुढें ७०० हून अधिक छायाचित्रें एकमेकांस जोडून त्यांनीं रस्ता, आकाश आणि जोशुआ वृक्ष साकारले. प्रत्येक वस्तु जवळ जाऊन टिपलेली असल्यानें दूरचें झाडही येथें हाताशीं आल्यासारखें भासतें. यंत्र सर्वांचें तेंच. पाहण्याची चिकाटी मात्र कलावंताची. कॅमेरा हातीं घेणाऱ्या आपल्या मुलांस आम्ही एवढेंच सांगूं, कीं अंगणांतील झाड आधीं चहूं बाजूंनीं पाहा, मग कळ दाबा.