‘ने’ दिसला म्हणून ‘बाय’ नको!

संध्याकाळचे साडेसात. गॅसवर कुकर, आणि ओट्याशी लेक वही घेऊन उभी. “आई, चेंज द व्हॉइस म्हणजे काय गं?” डोंबिवली-कल्याणच्या किती घरांत आई सांगते, “थांब, बाबांची लोकल येऊ दे!”

आपल्यापैकी कित्येकींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. म्हणून धास्ती वाटते. पण मैत्रिणींनो, कर्तरी-कर्मणी आपण शिकलोच आहोत की! भाकरी उलटावी तसं वाक्य उलटायचं, एवढंच.

‘मदर मेक्स लाडूज’ हे वाक्य घ्या.

१) आई काय करते? लाडू. तो शब्द आधी आणा.

२) क्रियापदाचं तिसरं रूप घ्या : मेक-मेड-मेड.

३) त्याआधी काळाप्रमाणे शब्द जोडा. ‘मेक्स’चं ‘आर मेड’, ‘मेड’चं ‘वेअर मेड’, ‘विल मेक’चं ‘विल बी मेड’. लाडू पुष्कळ म्हणून ‘आर’. एकच असता तर ‘इज’. मुलांचे गुण जातात ते इथेच.

४) शेवटी ‘बाय मदर’. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर ‘बाय हिम’, ‘बाय हर’.

‘बेबी स्लीप्स’ला ‘काय?’ विचारून पाहा. उत्तर नाही ना? मग ते वाक्य उलटतच नाही.

आता खरी मेख. ‘सीमाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग. आंबा खाल्ला, पण चिंच खाल्ली. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीत मात्र ‘सीमा एट अ मँगो’ हे ॲक्टिव्हच! तेव्हा ‘ने’ दिसला की ‘बाय’ घालायची घाई नको. ‘अ मँगो वॉज ईटन बाय सीमा’ हे त्याचं पॅसिव्ह.

पॅसिव्हमध्ये कर्ता गाळला तरी चालतो. रेल्वेच्या हद्दीतली ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्युटेड’ ही पाटी आठवा. खटला कोण भरणार, ते लिहिलेलं नसतं. सगळ्यांना ठाऊकच असतं.

घरातही तसंच नाही का? “डबा भरला का? कपडे वाळले का?” कामं होतात, करणारी वाक्यात नसते!

म्हणून लेकीनं नुसतं ‘लाडूज आर मेड’ लिहिलं, तर व्याकरण चुकत नाही. तरी प्रेमानं सांगा, “पुढे ‘बाय मदर’ लिही हं!”