गोडबोल्या खलपुरुषाचें आकर्षण

ज्या दुर्जनाचा तिरस्कार वाटावा, त्यालाच नाट्यगृहांत टाळ्या कां मिळतात? आचार्य अत्रे यांचें 'तो मी नव्हेच' (१९६२) हें नाटक पाहावें. नांवें व वेष पालटून अनेक स्त्रियांस विवाहाच्या पाशांत ओढणारा आरोपी न्यायालयांत साळसूदपणें सांगतो, मी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे! प्रभाकर पणशीकरांनीं त्याचीं पांच रूपें रंगविलीं आणि प्रेक्षक मोहून गेले.

याचें कारण असें कीं, फिरत्या रंगमंचावर त्याचीं कृत्यें आपल्या डोळ्यांसमोर घडतात. त्यामुळें त्याच्या प्रत्येक नकारांतील चातुर्य आपणांस कळतें व नकळत आपण त्याच्या गुपिताचे भागीदार होतों. शिवाय आपलें कांहींच जात नाहीं. फसलेल्या स्त्रीस मात्र केवळ सज्जन वर दिसत असतो. तिला भोळी समजून हंसणें हा अन्याय होय.

विद्यार्थिमित्रहो, नटाच्या कौशल्यास अवश्य दाद द्यावी. परंतु वळसंगच्या बाजारांत किंवा घराच्या उंबऱ्याशीं असा गोडबोल्या येतो, तेव्हां त्याचें पूर्वचरित्र कोणी रंगमंच फिरवून दाखवीत नाहीं. तें आपणच चौकशी करून जाणावें लागतें.