जोडी बदलली की दाव कळतो

ज्युदोच्या शिबिरात सुरुवातीचा वेळ पडण्यात जातो. पट्टा पांढरा असो की काळा, सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि मागे, डावीकडे, उजवीकडे पडत राहायचं. हनुवटी छातीशी, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून जरासा लांब. पाठ टेकते त्याच क्षणी तळव्यापासून दंडापर्यंत अख्खा हात मॅटवर आपटायचा, म्हणजे आघात वाटला जातो आणि डोकं वरच राहतं. कोपर आधी टेकलं तर मार थेट खांद्यात जातो. ही उकेमी. ज्याला पडायची भीती उरलेली नाही, त्याच्यावरच समोरच्याला मन लावून दाव टाकता येतो. म्हणून काळ्या पट्ट्यालाही यातून सूट नसते.

आम्ही एका क्लबचे सगळे एकत्रच आलो होतो, त्यामुळे सरावाला जोड्याही आपसातच लागल्या. शिबिर घेणाऱ्या सरांनी आधी त्या मोडल्या. एका क्लबचे दोघे समोरासमोर नकोत, असा त्यांचा नियम. कारण साधं आहे. रोज ज्याच्याबरोबर सराव करतो त्याचं शरीर आपल्याला पाठ झालेलं असतं आणि त्याला आपलं. दाव येतोय हे कळताच तो नकळत टाचा उचलतो, वजन पुढे देतो, आपल्या सोयीने पडतो. त्यात लबाडी नसते, माया असते. पण दाव बसला की बसवून दिला, हे कुणालाच सांगता येत नाही.

ज्युदोची मूळ संस्था असलेल्या कोदोकानच्या अधिकृत यादीत फेकण्याचे ६८ दाव आहेत. सरांनी सकाळभर एकच घेतला, इप्पोन सेओई-नागे. आखाड्यात वाढलेला कुणीही बघताक्षणी धोबीपछाड म्हणेल. प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावर घ्यायचा, त्याच्याकडे पाठ करून खाली शिरायचं आणि त्याला पुढे फेकायचं. कुस्तीत उघडा, घामेजला हात धरावा लागतो. इथे जाड जाकिटाची बाही आणि कॉलर हाताला मिळते, त्यामुळे ओढ कुठल्या दिशेने द्यायची याला फार महत्त्व येतं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका देवळात कोदोकान सुरू केलं. फेकीचे टप्पे त्यांनी वेगळे करून शिकवले: आधी तोल मोडणं, मग आपलं शरीर नेमक्या जागी बसवणं आणि शेवटी फेकणं. घाई होते ती कायम शेवटच्या टप्प्याची.

आमच्या क्लबातल्या एका मुलीचा हा हुकमी दाव. समोर अनोळखी जोडीदार आली आणि दाव अडला. सरांनी तिला फेकू दिलंच नाही. फक्त आत शिरायचं आणि थांबायचं, असं पुन्हा पुन्हा करायला लावलं. याला उचिकोमी म्हणतात. जवळून पाहिल्यावर दोष दिसला. बाही धरलेला डावा हात खाली, स्वतःच्या पोटाकडे ओढत होता. त्यामुळे समोरचीचं वजन टाचांवर बसायचं आणि ती खांबासारखी उभी राहायची. सरांनी तिचं मनगट धरून वर, डोळ्यांच्या रेषेत फिरवलं. त्याबरोबर समोरचीच्या टाचा सुटल्या, काखेखाली जागा झाली, गुडघे वाकवून शिरता आलं आणि कंबर तिच्या कंबरेच्या खाली गेली. जोर तेवढाच होता, फक्त ओढीची दिशा बदलली होती.

दुपारी रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज. इथे डावखुरे भेटले. आमच्या क्लबात कुणी डावखुरा नाही, त्यामुळे सगळ्यांची पकड एकाच घडणीची. डावखुऱ्यासमोर दोघांचेही कॉलर धरणारे हात एकाच बाजूला येतात, एकमेकांना अडवतात आणि बाही हाती लागेपर्यंतच निम्मी झुंज होते. नुसती ताकद लावणारे तिथे लवकर दमले. ज्यांनी कोपर आत ठेवून वाट पाहिली, त्यांना बाही मिळाली.

कानोंच्या शिकवणीत दोन सूत्रं आहेत: शक्तीचा उत्तम वापर, आणि परस्परांचं कल्याण. दुसरं सूत्र आपण सौजन्यापुरतं धरतो. मला ते तंत्राचा भाग वाटतं. जोडीदाराचं भलं करायचं तर त्याच्यासाठी आपणहून पडायचं नाही. त्याची ओढ चुकत असेल तर सरळ उभं राहायचं, आणि ती बरोबर आली की विरोध न लांबवता नीट पडायचं. हा प्रामाणिकपणा मैत्रीत अवघड जातो, म्हणून तो अनोळखी माणसांकडून शिकावा लागतो.

क्लबात आता उचिकोमीला दर फेरीत जोडी बदलते आणि दाव डाव्या बाजूनेही करावा लागतो. दाव कमी बसतात. पण जो बसतो, तो टाकणाऱ्याच्या स्वतःच्या बळावर बसलेला असतो.